ओटीतले दगडी बाण

नातवाने अंगणात दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्या आणि तो करपट वास आला. मी थेट माहेरच्या, तिकोणा गडाच्या पेठेखालच्या पवना नदीकाठच्या माळावर पोचले. तिथे गुरं राखताना मला दगडी बाणांची टोकं सापडायची. नखाएवढी, धारदार, कुणा जुन्या माणसाने हातांनी घडवलेली. मी ती फडक्यात बांधून जपायची.

लग्नाच्या सकाळी आबा, माझे वडील, म्हणाले, "ती दगडं नदीत टाक. सासरची मानसं हसत्याल."

"हसू द्या की," मी म्हणाले.

आईने ओटी भरली, तेव्हा मी फडकं सोडून सगळी टोकं हळूच तांदळात मिसळली. सासरी सासूबाईंनी ओटी सुपात ओतली. जमलेल्या बायकांदेखत टोकं खडखडली.

"ह्ये काय आणलंस गं? फेक उकिरड्यावर!" सासूबाई कडाडल्या.

मी हळदीचा हात सुपावर ठेवला. "ओटीतलं हाय. माहेरची ओटी कुनी उकिरड्यावर टाकतं व्हय?"

सासूबाईंनी सूप माझ्याकडे सरकवलं.

त्या दिवशी वाटलं होतं, मी नुसती दगडं वाचवली. पुढे कितीतरी वर्षांनी पवनेवर धरण झालं आणि तो माळ पाण्याखाली गेला. सगळा गेला. माझ्या ओटीत बसला तेवढा मात्र धरणाच्या हाती लागला नाही.