नवशिक्यांना अत्यंत उपयुक्त

वाईट पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. बेळगावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे ती वाचावीच लागतात. पण ज्या पुस्तकाचा मला सगळ्यात जास्त राग आहे, त्याच्या पाठीवर माझंच नाव छापलेलं आहे आणि नावाच्या वर माझाच अभिप्राय: ‘नवशिक्यांना अत्यंत उपयुक्त. प्रत्येक घरी असावं असं पुस्तक.’ एचटीएमएलचं पुस्तक प्रत्येक घरी कशाला असावं, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही. अभिप्रायाचं तेवढं बरं असतं.

पुस्तकाचा विषय खरं तर साधा. वेब पानावर शीर्षक कुठलं, मजकूर कुठला, चित्र कुठं, हे खुणा करून ब्राउझरला सांगायचं. या खुणांना टॅग म्हणतात, आणि अशा खुणांच्या भाषेला मार्कअप भाषा. शहाण्या माणसाने हे दोन पानांत सांगून वाचकाला कामाला लावलं असतं. आमच्या लेखकाने पहिली चाळीस पानं मणीपाटीपासून संगणकाचा इतिहास सांगितला आहे. मग ‘संगणक: शाप की वरदान’ असं एक प्रकरण आहे, ते बहुधा त्यांच्याकडे निबंधाच्या वहीत तयारच असावं. टॅग म्हणजे काय, हे समजावताना ते कधी त्याला देव्हारा म्हणतात, कधी एसटीची पाटी, कधी नव्या नवरीच्या कपाळावरचं कुंकू. एवढं होऊन टॅग कसा लिहायचा ते राहतंच. स्क्रीनची चित्रं झेरॉक्सची झेरॉक्स काढून छापल्यासारखी काळीकुट्ट. त्यांच्याखाली ‘आकृतीत स्पष्ट दिसते की’ असं लिहायला माणसाला धीर पाहिजे. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जोड्या लावा. कॉम्प्युटरचं पुस्तक आणि जोड्या लावा.

लेखक निपाणीचे. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेले, निवृत्त झालेले, सज्जन. एका दुपारी ते निपाणीहून बसने आले, कापडी पिशवीतून छपाईची पानं काढली आणि म्हणाले, “सर, तुमच्यासारख्या जाणकाराचे दोन शब्द पाहिजेत.” दोन तासांच्या मधली सुट्टी होती. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत अनुक्रमणिका बघितली, चहा पिता पिता दोन पानं उलटली, आणि कप खाली ठेवायच्या आत दोन शब्द लिहून दिले. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. कोण वाचतंय हे पुस्तक. माझा सगळा चांगुलपणा असाच असतो. त्यात कष्ट नसतात, आणि पोटात तुच्छता असते.

कारण एरवी मी चांगुलपणासाठी प्रसिद्ध नाही. चुका काढणं हा माझा हातखंडा. विद्यार्थ्याने चुकीचा प्रोग्राम लिहिला की तो मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो, योग्य जागी थांबतो, आणि वर्ग हसला की पुढच्या ओळीवर जातो. याला मी बरीच वर्षं शिकवणं म्हणत आलो. पुढच्या बाकावरची मुलं माझ्यावर खूश असायची. मागच्या बाकावरची कधीच काही विचारायची नाहीत. त्यांना सगळं समजतंय, असं मी धरून चाललो होतो.

माझी थोरली बहीण वडगावला दिलेली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. घरात दोन यंत्रमाग. एक दाजी बघतात, एक ती. बारावीपर्यंत शिकली, मग लग्न, मग माग. दिवसभर मागापाशी उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. तिथल्या विणकरांच्या एका सोसायटीला साड्या नेटवर दाखवायच्या होत्या. त्या पानांची देखभाल करायला विणकराच्याच घरची बाई हवी, असं त्यांचं ठरलं. सेक्रेटरी आक्काला म्हणाले, महिन्याभरात एक पान स्वतः करून दाखवा, खुर्ची तुमची. बसून करायचं काम तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी देऊ केलं होतं.

हे मला सगळं नंतर कळलं.

त्या रविवारी मी स्कूटरवरून वडगावला गेलो तेव्हा करंट गेला होता. करंट असताना त्या गल्लीत शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. गेला की माणसं उगीचच हळू बोलायला लागतात. आक्का चहा टाकायला आत गेली. खिडकीत भाचीचा जुना लॅपटॉप होता. भाची हुबळीला नोकरीला लागली तेव्हा तो घरी ठेवून गेली होती. लॅपटॉपशेजारी ते पुस्तक. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. मी उघडलं, ओळखलं आणि हसलो. खरंच मोठ्याने हसलो.

“आक्का, ह्ये भिकार पुस्तक कुणी आणलं गं घरात?”

“मी आणलं,” ती आतून म्हणाली. “पाठीवर तुजं नाव बगून घेटलं. एवडा शिकलेला भाऊ सांगतोय, मग चांगलंच असणार म्हणून.”

मी कव्हर घातलेल्या पाठीवरून हात फिरवला. कागदाच्या आत माझं नाव होतंच.

मग तिने सोसायटीच्या कामाचं सांगितलं, आणि पुस्तकाचंही. पहिल्याच प्रकरणातलं पहिलं पान तिने करून बघितलं. करंट गेला की माग थांबतात, पण लॅपटॉप बॅटरीवर चालतो. तेवढाच तिचा अभ्यासाचा वेळ. केलेलं पान उघडलं की वरच्या पट्टीत चारदोन अक्षरं दिसायची आणि खाली सगळं पांढरं. परत टाइप केलं. परत पांढरं. “चाळीस बार तरी केलं असंल,” ती म्हणाली. “डोकंच न्हाय बग मला.”

“दाखव,” मी म्हणालो. मला हुरूप आला होता. चूक शोधायची म्हटलं की मला हुरूप येतोच.

तिने वही दाखवली. सगळा प्रोग्राम आधी वहीत हाताने उतरवलेला, मग लॅपटॉपवर. मी ओळीमागून ओळ बघत गेलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चूक सापडेना. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलची बारीक रेघ, वहीतल्या प्रत्येक ओळीशेजारी तशीच रेघ.

“ह्या रेघा कशाच्या गं?”

“सांधल्याच्या,” ती म्हणाली.

मागावरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला की जुन्या उभ्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या बीमाचा एकेक धागा त्याच्याच जोडीच्या जुन्या धाग्याला पीळ देऊन सांधतात. हजारो धागे असतात. सांधणाऱ्याने नक्षीचा विचार करायचा नसतो. जुना धागा जिथं आहे तिथंच नवा जायचा, त्यात शहाणपण चालत नाही. एक धागा शेजारच्याला गेला की सगळं लुगडं बिघडतं. या कामात आक्काचा हात धरणारं वडगावात कुणी नाही. गल्लीत कुठंही बीम चढला की तिला बोलावणं येतं. पुस्तक तिने तसंच सांधलं होतं, ओळीला ओळ, चाळीस वेळा.

मग मी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे पुस्तकाकडे बघितलं. वरच्या पट्टीतलं शीर्षक सुरू झालं, हे सांगणारा टॅग छापलेला होता. शीर्षक संपलं, हे सांगणारा टॅग छापायचा राहून गेला होता. त्यामुळे ब्राउझर पुढचं सगळं पान शीर्षकच समजत होता आणि खाली दाखवायला काही उरतच नव्हतं. पहिल्या प्रकरणातला पहिला प्रोग्राम. माझ्या वर्गातला एखादा वेंधळा पोरगा असता तर त्याने धसमुसळेपणात दोन ओळी गाळल्या असत्या, दोन मोबाइलवरून उचलल्या असत्या, आणि पान कसंबसं उमटलं असतं. हे पुस्तक फक्त अशाच माणसाला नडणार होतं, जो त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवेल.

मी तो एक टॅग घातला आणि पान उघडलं. ‘वडगावची साडी’ अशी मोठी अक्षरं उमटली, खाली तिने लिहिलेली चार वाक्यं, काठाबद्दल आणि पदराबद्दल. वाक्यं चांगली होती. पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगली.

आक्का बराच वेळ बघत राहिली. “एवडंच व्हय?” ती म्हणाली.

“एवढंच. चूक पुस्तकाची हाय, तुझी न्हाय.”

“पुस्तकात चूक कशी असंल रं? तू वाचलंवतास न्हवं?”

मी वहीतल्या रेघांकडे बघायला लागलो. तिला ते पुरलं. ती चहाचे कप उचलायला लागली. मग मी विचारलं, सोसायटीत पान कधी दाखवायचंय. दाखवायचं होतं, ते गेल्या महिन्यात, ती म्हणाली. मुदत संपल्यावर ती सेक्रेटरींना आणखी आठ दिवस मागायला गेली होती. ते ‘नोडोण’ म्हणाले. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘बघू’ असा आहे, पण आमच्याकडच्या ऑफिसात तो शब्द ऐकला की माणूस चप्पल घालून घरी येतो. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मला संताप आला, आणि संताप आला की मी दुसऱ्याला प्रश्न विचारतो. “अगं, मग मला का नाही विचारलंस? एक फोन करायचास. पाच मिनिटांचं काम होतं.”

“तुला?” आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “फोटो पाठवताना माजं चुकलंतं, तवा जेवायच्या पंगतीत तू माजी नक्कल केलतास. सगळी हसली. मीबी हसलो. पुन्ना तुला कशाला विचारू? पुस्तक काय हसत न्हवतं.”

त्या दिवशीची नक्कल मला आठवत होती. चांगली वठली होती. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेतही पहिला विचार हाच आला की आता काहीतरी मोठेपणाचं करावं. म्हणालो, “आक्का, दर रविवारी येतो. मी शिकवतो तुला.”

“नको,” ती म्हणाली. “तू आदी ह्ये वाच. सगळं. आनी कुटं कुटं चुकलंय ते लिवून दे. गल्लीतल्या आनी दोगींनी माज्याकडं बगून घेटलंय ह्ये. माजा भाऊ हाय म्हणून मीच सांगिटलो त्यास्नी.”

तिने पेन्सिल दिली. मी खिडकीत बसून ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं. मणीपाटी, शाप की वरदान, देव्हारा, कुंकू, सगळं. लेखकाला शिव्या द्यायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. संध्याकाळपर्यंत अकरा प्रोग्राम तपासले, त्यातले चार चुकीचे निघाले. मध्येच करंट आला, माग सुरू झाले. आक्का तिच्या मागापाशी जाऊन उभी राहिली. गुडघ्यावर हात ठेवून ती मधूनमधून पाय बदलत होती आणि मी खुर्चीवर बसलो होतो.

चुकांची यादी घेऊन मी उठलो. त्या दोघींतल्या पहिलीचं घर चार दारं सोडून होतं. दारात एक तिशीतली बाई आली. आक्काचा भाऊ म्हणून तिने मला ओळखलं, पदर सावरला आणि खुर्ची झटकून पुढे केली. मला बोलायची तिने उसंतच दिली नाही. कॉम्प्युटर दाखवायला आत बोलावलं. पडद्यावर तेच पांढरं पान होतं. शेजारी तेच पुस्तक होतं. त्याला कव्हर नव्हतं, पालथं ठेवलेलं, माझं नाव वर.

“बरं झालं आलासा, सर,” ती म्हणाली. “पुस्तक लई चांगलं हाय. माजंच कायतरी चुकतंय बगा.”