द्रौपदीबाईंनी कापलेली चकती

आमच्या घरात रेकॉर्डी अठ्ठावीस आणि त्यांच्याखाली घालायच्या मॅट नऊ. हे सांगितलं की लोक हसतात. मला नाही हसू येत, कारण त्या मॅटपायी माझ्या साड्यांचा एक अख्खा कप्पा गेला. मधूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, निवृत्त झाल्यावर उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून जुनं टर्नटेबल आणलं. तेव्हापासून त्याचं एकच चालू आहे: त्या फिरणाऱ्या थाळीवर, रेकॉर्डच्या खाली, चकती कशाची घालावी? रबराची घातली की आवाज म्हणे घट्ट होतो. फेल्टची घातली की मोकळा. मग कॉर्कची, चामड्याची, ॲक्रिलिकची. मला विचाराल तर सगळ्यांवर गाणं तेच आणि तसंच. एकदा तसं बोलून दाखवलं, तर मी वरणाला आमटी म्हटल्यासारखा बघत राहिला. आमचा प्रेमविवाह आहे, त्यामुळे अरे-तुरे आणि भांडण दोन्ही मोकळेपणी चालतं.

पण मला सांगायचंय ते द्रौपदीबाईंबद्दल.

बाई मधूच्या कंपनीतल्या. अंबरनाथ एमआयडीसीत गॅस्केट बनवायची कंपनी होती. दोन लोखंडी भागांच्या मधून तेल गळू नये म्हणून जी चकती बसवतात ना, ती गॅस्केट. मधू तिथे अधिकारी आणि बाई कटिंगच्या टेबलावर. तेहतीस वर्षं बाईंनी चकत्या कापल्या. मशीन आलं तरी अवघड मापाचं काम त्यांच्याच हाती जायचं. नवीन शीट आली की अंगठ्यानं दाबून सांगायच्या, "साहेब, ह्यो माल टिकनार नाय." लॅबचा रिपोर्ट आठवड्यानं यायचा आणि तेच सांगायचा. निवृत्त होताना कंपनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देत होती. बाई म्हणाल्या, घड्याळ घरी हाय, माजी कातर मना द्या. दिली. ती कातर अजून त्यांच्या पिशवीत असते आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नाही. मी एकदा दुधाची पिशवी कापायला मागितली होती. काय बोलणी खाल्ली म्हणून सांगू!

तर ह्या बाई एप्रिलमध्ये एका भर दुपारी बुवापाड्याहून रिक्षा करून आल्या. बाई आणि रिक्षा! मी म्हटलं, नक्कीच काहीतरी झालंय. त्यांनी पदराखालून फडक्यात बांधलेली एक छोटी रेकॉर्ड काढली, बशीएवढी. तिच्यावर हळदकुंकवाचे थरच्या थर.

"साहेब, तुमच्याकडं ह्याचा मशिन हाय असं ऐकलं. ही माजी आईस हाय."

बाई आगरी, माहेर चिखलोलीचं. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारीण धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि पंचक्रोशीतली सगळी लग्नं ह्या माउलीनं लावलेली. द्रौपदी लहानपणापासून तिच्या मागे बसून झील धरायची. एकोणिसाव्या वर्षी ती कंपनीतल्या एका परजातीच्या मुलाबरोबर पळून गेली आणि रजिस्टर लग्न करून बुवापाड्यात राहिली. ना मांडव, ना हळद, ना धवला. आईनं दार लावलं ते लावलंच. सहा वर्षांनी आई वारली, तोवर मायलेकी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच मधल्या काळात मुंबईच्या कुणीतरी आईला नेऊन ही रेकॉर्ड केली होती. रेकॉर्ड भावाच्या घरी राहिली. वाजवायला मशीन कुणाकडेच नव्हतं. आईचा आवाज आहे म्हणून भावानं ती देव्हाऱ्यात, समईच्या मागे उभी केली आणि दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं. आता ते घर पाडून बिल्डिंग व्हायची होती, तेव्हा भाचा धर्मेश म्हणाला, आत्या, ही तुझ्याकडेच राहू दे.

"माजी नात जिज्ञासा, तिची हळद हाय शनवारी," बाई म्हणाल्या. "ती बोलते, आजी, डीजे नंतर, आदी तू धवला बोल. दोन कडवी येतात मना. तिसरं नाय आठवत. किती डोकं फोडलं! ते ह्याच्यान असंल."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि वहिनी, खरं सांगू? साऱ्या गावाच्या पोरींना तिनं गाऊन हळद लावली. माज्या वाटनीचा एक शब्द नाय. निदान आवाज तरी ऐकते."

मला एकदम माझे वडील आठवले. आमच्या लग्नाला तेही रुसले होते, पण शेवटी अक्षता टाकायला आले, कोपऱ्यात उभे राहून का होईना. मी गुपचूप चहा टाकायला आत गेले.

मधूनं रेकॉर्ड साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुतली. बाई शेजारी बसून हात जोडत होत्या. कुंकू निघालं, पण समईच्या धगीनं रेकॉर्ड फुगली होती, उपड्या बशीसारखी. नुसती कडेवर टेकत होती. फेल्टच्या मॅटवर ठेवली तर सुई चढाला लागली की रेकॉर्ड घसरायची आणि गाणारीचा आवाज दारू प्यायल्यासारखा लांबायचा. रबराची मॅट मोठ्या रेकॉर्डीसाठी बनवलेली, मध्ये खोलगट. त्या खळग्यात ही डुगडुगायची आणि सुई टुणकन उडी मारायची. दोन कडवी कशीबशी निघायची. तिसरं सुरू होतं न होतं तोच उडी, आणि एकदम शेवट. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

"चामड्याची घालू," मधू म्हणाला. त्याची सर्वात लाडकी मॅट ती. "मऊ आहे, धरून ठेवते, घसरणार नाही."

"चामडं नको," बाई म्हणाल्या.

"अहो, तबला, पखवाज, ढोलकी, सगळ्याला चामडंच असतं की. देवापुढे वाजतात."

"ती वाजतात, साहेब. ही माजी आईस हाय. हळदीचं गाणं बोलते. तिला चामड्यावर नाय निजवायची."

मधू वाद घालणार हे मला त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. खरं म्हणजे मलाही क्षणभर वाटलं होतं की काय हा हट्ट, शनिवार तोंडावर आलाय! पण घरातलं मेलेलं माणूस कुठे ठेवायचं हे त्या घरच्यांनी ठरवायचं, आपण कोण? मधूनं चामड्याची मॅट निमूट कप्प्यात ठेवली. असा निमूटपणा त्यानं माझ्या वाट्याला कधी आणला असता तर!

मग बाईंनी स्वतःच सगळ्या मॅट पुढ्यात घेतल्या. कॉर्कची अंगठ्यानं चोळली आणि बोट दाखवलं. "भुगा सुटतोय. सुईखाली जाईल." ॲक्रिलिकची नुसती टकटक करून बाजूला सारली. "काच नि ह्यात काय फरक? घसरनारच." नऊच्या नऊ निकालात काढल्या. नवऱ्याची चार वर्षांची तपश्चर्या पाच मिनिटांत पाण्यात गेली. मी मनातल्या मनात माझ्या साड्या परत लावायला घेतल्या.

"साहेब, आपला रबर-कॉर्क नाय काय? ट्रान्सफॉर्मरचा?"

रबर-कॉर्क म्हणजे रबरात कॉर्कचा भुगा घट्ट मळून केलेली शीट. तेलही गळू देत नाही आणि थरथर पण खाते. कंपनीत सगळ्यात जास्त खपणारा माल तोच. मधूचा चेहरा पडला, कारण तसला एक तुकडा घरात होता. वॉशिंग मशीन फार हलतं म्हणून मधूनंच त्याच्याखाली सरकवला होता. परदेशी मॅट कपाटात आणि कामाची चीज मोरीत! आम्ही तिघांनी मिळून मशीन ओढलं. माझी कंबर दोन दिवस धरली होती, ते जाऊ दे. शीट धुऊन पुसून घेतली. बाईंनी ती दाबली, कानाजवळ नेऊन वाकवली आणि मान हलवली. "चालंल."

कंपास नाही की काही नाही. एक दाभण, एक दोरा, त्यानं रेकॉर्डच्या मापाचं गोल आखलं आणि कातर चालवली. सत्तरीच्या बाईचा हात, पण कातर कुठे थांबली नाही, कड कुठे फाटली नाही. मग बरोबर मधोमध, लेबलच्या मापाचा गोल कापून काढून टाकला. मधू ओरडलाच, "अहो, मध्ये भोक कशाला?"

"फुगलीय ना ती मधी? वरनं वजन ठेवलंत का बसायला तिला जागा पायजे. नायतर कड उचलंल."

मधूकडे रेकॉर्डवर ठेवायचं पितळी वजन होतं. ठेवलं. रेकॉर्डचं पोट खाली बसलं आणि कड सगळीकडून चकतीला टेकली. अधिकारी साहेब कटिंगच्या टेबलावरच्या बाईंकडे बघत राहिले.

शनिवारी त्या हळदीला मी गेले होते. डीजे बंद करून बाई धवला बोलल्या, तिन्ही कडवी, जिज्ञासाचं नाव घालून, आणि जीन्स घातलेल्या पोरीसुद्धा पुढे सरकून ऐकत होत्या. ते झालं चांगलंच. पण माझ्या मनातून जात नाही ती आमच्या हॉलमधली दुपार.

सुई टेकली. खरखर आली, मग आवाज. जाडसर, न घाबरणारा, मांडवभर पोचायची सवय असलेला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. बाईंनी माझा हात धरला. सुई चढावर आली, किंचित वर झाली आणि तशीच पुढे गेली.

"कोन आली गो, कोन आली मांडवाच्या दारी?
माजी दुरपी आली गो, वाट सोडा सारी."

त्या जागी नवरीचं नाव घालायचं असतं, हे मला बाईंनीच मघाशी सांगितलं होतं. पण मुंबईच्या त्या खोलीत कुठलं लग्न नव्हतं की कुठली नवरी नव्हती. आईला हवं ते नाव घालता आलं असतं. दुरपी कोण, हे मला पटकन कळलं नाही. मधूला तर मुळीच नाही. मी बाईंकडे बघितलं तेव्हा कळलं.

मला वाटलं, आता रडतील. मी पदर सावरून तयारच होते. पण बाई उठल्या, टर्नटेबलसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या फिरणाऱ्या रेकॉर्डवर असं बोट रोखलं की मधूनं घाबरून सुई उचलायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला.

"मशिनला सांगितलंस!" त्या ओरडल्या. "मशिनला सांगितलंस, मना नाय सांगितलंस! बुवापाडा काय लांब व्हता गो आये? तासाभराची तं वाट व्हती."