नारळ कारखान्यात, बॅटरी घरात

कारखान्यासाठी बॅटरी घेतली की करात सवलत मिळते. मी ती माझ्या टॉवेल कारखान्याच्या नावावर घेतली, पण हवी होती घरच्या एसीला. बसवायला मंद्रूपचा एक फिटर आला. प्रत्येक वस्तू तो आधी शर्टाला पुसायचा. कागदपत्रांसाठी त्यानं बॅटरीचा मागाशेजारी फोटो काढला. आता वीज गेली तरी पंखे फिरणार, या आनंदात कामगारांनी तिला कुंकू लावून नारळ फोडला. मीही हात जोडले. ते जेवायला गेल्यावर मी फिटरला म्हणालो, “चला, आता ही माझ्या घरी न्या.”

“त्यो फोटो हितं भिंतीला लावा की मालक,” तो म्हणाला. “कामगारांना लई वारा येईल.”

घरी त्यानं बॅटरी शर्टानं लख्ख पुसली, कुंकू तेवढं ठेवलं. वीज गेली तरी एसी चालतो. घाम मलाच फुटतो.