मिस्त्रींचा चमचा

बिघडलेल्या यंत्रासमोर मिस्त्री बसत ते दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. पकड नाही, पेचकस नाही. मान तिरकी करून नुसतं पाहायचं आणि ऐकायचं. पाच मिनिटं, कधी पंधरा. माझा दिवस सकाळी लिहिलेल्या यादीवर चालतो. मला ते बसणं सोसायचं नाही.

"मिस्त्री, काही करायचं का आता?"

"करूनच राहिलो ना मॅडम. पाहनं बी कामच आहे."

वीज केंद्रात, तापमान आणि दाब सांभाळणाऱ्या उपकरणांवर त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर अर्जुनी मोरगावला आमच्या शाळेमागच्या गल्लीत काकूंसह राहायला आले. मी त्या शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी रोबोटचा वर्ग घेते. मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं हे तेव्हापासून यादीत आहे आणि रोज दुसऱ्या दिवसावर ढकललं जातंय. आज लिहून टाकते.

पहिल्या भेटीत त्यांनी रोबोट पाहिलाच नव्हता, ऐकला होता. आमची चारचाकी काळ्या पट्टीवरून चालायच्या ऐवजी नागासारखी डोलत होती, आणि रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा खिडकीत थांबून म्हणाला, "हंटिंग करून राहिली तुमची गाडी." वीज केंद्रात वॉल्व्ह असा उघडमीट करत राहिला की त्याला हंटिंग म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यांना आत बोलावलं. मी माझी वही पुढे केली. दोन आठवड्यांत केलेले एकूण एक बदल त्यात तारखेनिशी होते. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"यादी झकास आहे. पण एका टायमाले पाच खुट्या पिळल्या तं कोनती लागू पडली, हे कोन सांगन?"

त्या दिवसापासून माझ्या वहीत एका ओळीत एकच बदल असतो.

गाडी पट्टीवर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या त्या भागाला पीआयडी म्हणतात. त्यात तीन आकडे बसवावे लागतात. पुस्तकातली व्याख्या मी तीन वर्षं शिकवत होते. मिस्त्रींनी ती एकदा आपल्या घरी बसून दोन मिनिटांत मोडीत काढली. "पी म्हंजे आत्ताचा राग. जेवढी चूक, तेवढा राग. आय म्हंजे मनात साठवलेला राग, चूक बारकी असली तरी रोज रोज साचते. अना डी म्हंजे घरातला शहाना मानूस, भांडन कोन्या वेगानं चढून राहिलं ते पाहून आधीच लगाम खेचते." मग काकूंकडे पाहून, "आमच्या घरी आयचा साठा कोनाजवळ आहे, ते मी सांगत नाई."

"सांगा ना, सांगा," काकू म्हणाल्या. "चहा बी त्या साठ्यालेच मांगा मंग."

त्यांची रीत ठरलेली. आधी आय आणि डी शून्यावर. पी वाढवत न्यायचा तो गाडी डोलायला लागेपर्यंत, मग जवळपास निम्म्यावर आणायचा. मग डी, जपून, कारण जास्त झाला की मोटर नुसती करकरते. आय सर्वांत शेवटी, वरणातल्या हिंगाएवढा. आणि या सगळ्याच्याही आधी चाकं हलवून पाहायची. आमच्या गाडीचं मागचं चाक ढिलं होतं. दोन आठवडे मी आकडे बदलत होते आणि दुखणं एका स्क्रूत होतं. "अर्धी बिमारी अंगात रायते मॅडम, डोक्यात नाई," एवढंच ते बोलले.

तो स्क्रू मात्र त्यांनी स्वतः पिळला नाही, मला पिळायला लावला. मला वाटलं, शिकवण्याची पद्धत. खरं कारण काकूंनी सांगितलं. काहीही उचलायला गेलं की त्यांचे हात थरथरत. कप उचलला की चहा बशीत, घास उचलला की भात मांडीवर. डॉक्टरांची गोळी जेमतेम लागू पडत होती. दोन वर्षांपासून ते चार माणसांत जेवायला बसले नव्हते. काकू आतल्या खोलीत दार लावून त्यांना भरवत. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटकं होतात, गावोगावचे पाहुणे घरी येतात, पंगती उठतात. त्या दिवशी मिस्त्री उपास सांगून ओसरीत बसून राहत. "उपास कायचा," काकू म्हणाल्या, "उपाशी मानूस आहे तो."

दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत पहिली ओळ होती: चमचा.

कल्पना नवी नव्हती, थरथर सावरणारे चमचे बाहेर मिळतात. पण मिस्त्रींना विकतचा नको होता. "ज्याची खुटी माझ्या हाती नाई, ते तोंडात कायले घालू?" मग आम्हीच केला. मुठीत एक नळी, पुढे दोन बारक्या मोटरी, टोकाला चमचा आणि तो किती कलला हे सांगणारा सेन्सर. हात कुठेही थरथरो, चमचा सपाट राहायला हवा. आकडे मी टाकायची. ते चमचा धरून सांगायचे: "मंद आहे." "आता तापला." "आता करकरते, डी कमी करा." रिकाम्या चमच्यावर जमलेलं भरल्या चमच्यावर बिघडायचं, म्हणून काकू रोज वाटीभर वरण-भात काढून ठेवू लागल्या. दीड महिना लागला. सव्वीस ओळी. सव्विसाव्या ओळीपुढे मी लिहिलंय: पूर्ण वाटी, एकही शीत सांडलं नाही.

त्या वर्षी मंडईला मिस्त्री पंगतीत बसले. मला समोरच बसवलं होतं, वहीसकट. शेजारी त्यांचे देवरीचे व्याही, पांढराशुभ्र सदरा. पाच-सहा घास छान गेले. कोणीतरी नाटकाचं काही विचारलं, म्हणून मिस्त्रींनी चमचा ताटाच्या काठावर टेकवला आणि बोलू लागले. बोलणं संपलं, चमचा वरणात बुडवून उचलला, आणि तो असा उसळला की वरण थेट व्याह्यांच्या छातीवर.

काकूंचा हात तोंडावर. मिस्त्रींचे हात काखेकडे जायला लागलेले मी पाहिले. आता हा माणूस उठणार, आणि पुन्हा कधी बसणार नाही.

व्याह्यांनी सदऱ्याकडे पाहिलं. बोटानं वरण पुसून चाखलं. "का जी मिस्त्री, लग्नात आहेर हलका झाला म्हनून आता भरपाई करून राहिले का?"

आधी मिस्त्रीच हसले, मग सगळी पंगत. हसू ओसरल्यावर त्यांनी चमचा पुन्हा काठावर टेकवला आणि मान तिरकी करून पाहत राहिले. "मॅडम, लिहा. काठावर तिरपा पडला का मोटर त्याले सपाट कराले झटते, पन होत नाई. तोवर आय साठते. उचलला का सगळा राग एकदम निंगते."

सव्वीस चाचण्यांत आम्ही चमचा एकदाही खाली ठेवला नव्हता. सुचलंच नाही. जन्मभर हातानं जेवलेली माणसं आम्ही; घास खाली टेकवून गप्पा मारता येतात हे कोणाच्या डोक्यात येणार? त्या संध्याकाळी दुरुस्ती दोन ओळींची निघाली: मोटर वळायच्या शेवटाला टेकली की आयची साठवण बंद. पण दुपारी मिस्त्री पंगतीतून उठले ते पुढे चमचा खाली न टेकवता, शेवटचा भात संपवून, बाकी सगळ्यांबरोबर.

चमचा दोन वर्षं चालला. मग थरथर वाढली, आणि मी पुन्हा आकडे बदलू लागले. वहीत एकतीस, बत्तीस, तेहेतीस. एका रविवारी त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताबरोबर माझाही हलायला लागला.

"बस्स झालं मॅडम. मोटर पुरी वळून राहिली, पुढं जागा नाई. वॉल्व्ह पुरा खुलल्यावर खुटी पिळून काई होत नाई."

"मोठी मोटर लावू."

"तिचं वजन कोन उचलन?" ते हसले. मी वही मिटली. त्या दिवशीच्या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही.

त्यांच्या शेवटच्या मंडईला मी उशिरा पोहोचले. वाटलं, ओसरीत एकटे बसलेले असतील, उपास सांगून. ते पंगतीत होते, मधोमध. शेजारी काकू पाट ओढून बसल्या होत्या आणि सगळ्यांदेखत त्यांना भरवत होत्या. व्याह्यांशी त्यांचा वाद रंगला होता, रात्रीच्या नाटकात खलनायक बरा होता की नायक. काकू भाताचा घास धरून थांबल्या होत्या.

"आधी गिळा, मंग भांडा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी तोंड उघडलं, घास घेतला, सावकाश चावून गिळला, आणि व्याह्यांकडे वळून म्हणाले, "हं, तं मी काय म्हनून राहिलो होतो?"