भूगोलाच्या बाईंचा राजीनामा

भूगोलाच्या बाई कुणालाही मोघम बोलू देत नसत. वर्गात कोणी म्हणालं, नदी वरून येते, की बाई नकाशा पुढे सरकवायच्या. "वरून म्हणजे कुठून? बोट ठेव." एकदा पालकसभेत एका गृहस्थांनी तक्रार केली की हल्ली शाळेत काही शिकवतच नाहीत. बाईंनी त्यांच्या मुलाची वही त्यांच्यासमोर उघडली आणि अदबीने म्हणाल्या, "आपण जरा बोट ठेवता का, नेमकं काय शिकवलं नाही त्यावर?" गृहस्थ पाच मिनिटं पानं उलटत बसले. मग म्हणाले, अक्षर सुधारायला हवं त्याचं. बाई म्हणाल्या, "ते माझंही मत आहे."

कोथरूडमधल्या एका अनुदानित शाळेत त्या आठवी-नववीला भूगोल शिकवायच्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, आणि साडीखाली पायात कापडी बूट. इतर बाई त्यावरून हसायच्या. भूगोल बसून शिकवता येत नाही, एवढंच बाई म्हणायच्या आणि आम्हाला घेऊन रस्त्याला लागायच्या. शाळेत कायम व्हायला त्यांना आठ वर्षं लागली होती. दर जूनमध्ये नवीन नेमणूकपत्र, दर एप्रिलमध्ये निरोप. आठव्या वर्षी कायम झाल्या, तेव्हा त्यांनी वर्गात कुणाला काही सांगितलं नाही. फक्त शिक्षकखोलीतल्या कपाटावर स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवली. ती सुवाच्य अक्षरातली पट्टी मला अजून दिसते.

शाळेमागून एक ओढा जायचा. त्याला ओढा फक्त बाई म्हणायच्या, बाकी सगळं कोथरूड गटार म्हणायचं. बाईंनी आमच्या वर्गाकडून त्याची रुंदी मोजून घेतली. प्रत्येक सोसायटीच्या मागे उभं राहायचं, दोरी टाकायची, ती पावलांनी मोजायची, आकडा लिहायचा. एका नव्या बांधकामाच्या मागे अकरा पावलांचा ओढा चार पावलांचा झाला होता. आम्ही नकाशा काढला. मी चौदा वर्षांची होते, अंगात फार आवेश, मी खाली ठळक अक्षरात लिहिलं: बिल्डर चोर आहे. बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, "चोर आहे हे तुला माहीत नाही. अकराचे चार झाले हे माहीत आहे. तेवढंच लिही, पुढचं लोकांना येतं." त्या कागदाच्या झेरॉक्स आम्ही सोसायट्यांच्या फलकांवर लावल्या. पंधरा दिवसांत वॉर्ड ऑफिसचा माणूस टेप घेऊन ओढ्याशी उभा होता. ते माझं पहिलं पत्रक. आज मी शंभरेक पत्रकं लिहून बसले आहे, पण त्या दोन ओळींइतकं कामाचं एखाद-दुसरंच असेल.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा बाईंच्या मिस्टरांची कंपनीने अमेरिकेत बदली केली. मिस्टर कॉम्प्युटरमधले, शांत, सज्जन. त्यांना वाईट म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण तसं पुराव्याने म्हणता येत नाही. कंपनीने त्यांना विचारलं, जाल का? त्यांनी घरी येऊन सांगितलं, आपण जातोय. विचारणं कंपनीत संपलं होतं. बाईंच्या वाट्याला फक्त कळवणं आलं. एका माणसाची बदली होते आणि दोन माणसं उचलली जातात, हे आपल्याकडे इतकं सरळ मानलं जातं की त्यात काही चुकतंय हे सांगायला गेलं तर लोक आपल्याच तोंडाकडे बघतात.

अभिनंदनाला तर ऊत आला होता. शनिवार पेठेत राहणाऱ्या बाईंच्या सासूबाई म्हणाल्या, जन्मभर पोरांना जगाचा नकाशा दाखवलास, आता जाऊन प्रत्यक्ष बघ. हाच विनोद नंतर मी शिक्षकखोलीत ऐकला, वाण्याच्या दुकानात ऐकला आणि खुद्द मुख्याध्यापकांच्या तोंडूनही ऐकला. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच सुचला. व्हिसाच्या कागदावर बाईंची ओळख एका शब्दात होती, डिपेंडंट. नोकरी करायची परवानगी नाही. पासपोर्टात चिकटवलेल्या त्या व्हिसावर त्यांच्या फोटोच्या जोडीला मिस्टरांचं नाव छापलेलं होतं. सायकलला कुलूप लावतात तसं.

बाईंनी रडारड केली नाही. त्यांनी रजेचे नियम काढले. बिनपगारी असाधारण रजा मागता येते, असं त्यांना त्यात सापडलं. दोन वर्षांची रजा मागणारा अर्ज त्यांनी लिहिला, तोही असा की माझ्यासारखीने तो फ्रेम करून लावावा. संस्थेच्या चिटणीसांनी त्यावर शेरा मारला, पतीची बदली हे रजेचं कारण होऊ शकत नाही. त्याच संस्थेने दोन वर्षांपूर्वी पी.टी.च्या सरांना भावाचं हॉटेल सुरू करून द्यायला वर्षभर रजा दिली होती. बाई हे विचारायला गेल्या, तेव्हा चिटणीस हसून म्हणाले, "अहो बाई, त्यांना परत यायचं होतं." बाईंना परत यायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. अमेरिकेला गेलेली बायको परत येत नसते, हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

मग राजीनामा. तो दिला नाही तर विनापरवाना गैरहजर असा शेरा बसणार, म्हणजे आठ अधिक सहा वर्षांची नोकरी डागाळणार. बाईंनी लिहिलं: पतीची परदेशी बदली झाल्यामुळे व रजा नाकारल्यामुळे मी राजीनामा देत आहे. हेडक्लार्कने तो परत दिला. मजकूर ठरलेला आहे म्हणाला, त्यात "स्वखुशीने" हा शब्द लागतो. बाई म्हणाल्या, पण तसं नाहीये. तो म्हणाला, तसं कुणाचंच नसतं, पण लिहितात सगळे. बाईंनी दुसऱ्यांदा तोच मजकूर दिला. तिसऱ्यांदाही दिला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. विमानाला चार दिवस उरले होते, हेडक्लार्क घड्याळाकडे बघत होता, आणि बाहेर माझी मैत्रीण स्कूटर सुरू करून थांबली होती. मोर्चाच्या घोषणा लिहायला जायचं होतं आम्हाला. मी म्हणाले, "बाई, लिहून टाका ना. एक शब्द तर आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बरं. कुठे लिहू? बोट ठेव."

मी ठेवलं. "मी" आणि "राजीनामा" या दोन शब्दांच्या मधोमध. त्यांनी तिथे बारीक अक्षरात तो शब्द भरला आणि मी धावत मोर्चाच्या तयारीला गेले. मोर्चा कशाचा होता ते मला आज आठवत नाही. माझ्या बोटाची जागा आठवते.

चळवळीच्या गप्पा मारणाऱ्या आम्ही सगळ्यांनी शाळेतल्या लोकांसह बाईंना निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि चाकांची बॅग. माझं भाषणही झालं. मी म्हणाले, बाई आता साता समुद्रापार भूगोल नेतील. टाळ्या पडल्या. त्या वाक्यासाठी मला कुणीतरी तिथेच खाली बसवायला हवं होतं.

तिकडून बाईंची पत्रं यायची. ई-मेल सगळे करत होते, पण बाई कागदावर लिहायच्या, कारण त्यात नकाशा काढता येतो. पहिल्याच पत्रात त्यांनी घराभोवतीचा नकाशा पाठवला होता. आमच्या ओढ्याच्या नकाशाइतकाच नेटका. घर, रस्ता, एक दुकान, एक तळं. दुकानापाशी फूटपाथ संपत होता आणि नकाशाही तिथेच संपत होता. खाली लिहिलं होतं, "इथून पुढे गाडी लागते. गाडी मिस्टर नेतात. पुढचं पाहिलेलं आहे, पण चाललेलं नाही, म्हणून काढलेलं नाही."

एकदा त्यांनी फोनवर सांगितलं की विजेचं बिल चुकीचं आलं होतं. बाईंना केवढा आनंद झाला असेल, मी कल्पना करू शकते. त्यांनी तीन महिन्यांची बिलं समोर मांडली, चूक शोधली आणि कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, खातं तुमच्या नावावर नाही, खातेदारांना बोलवा. बाई म्हणाल्या, चूक मी शोधली आहे. ती म्हणाली, हो, पण आम्हाला तुमच्याशी बोलता येत नाही. संध्याकाळी मिस्टर आले, त्यांनी तेच आकडे बाईंच्या कागदावरून वाचून दाखवले आणि बिल दुरुस्त झालं. बाई हे हसत सांगत होत्या. मला हसू आलं नाही, आणि मग त्याही थांबल्या.

दोन वर्षांची बदली वाढत वाढत सात वर्षांची झाली. सातव्या वर्षीच्या डिसेंबरात बाई महिनाभर आल्या, तेव्हा आम्ही शाळेसमोरच्या उडप्याकडे कॉफी प्यायलो. मी त्यांना परत बोलवायचं ठरवूनच गेले होते. म्हणाले, पुरे झालं, परत या, इथे केवढी कामं पडली आहेत. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग हिशेबाने सांगितलं, की शाळेत त्यांच्या जागी दुसरी बाई कायम झाली आहे, नव्याने अर्ज करायचं वय उलटून गेलं आहे, आणि सात वर्षांत काय केलंत या प्रश्नाला त्यांच्याकडे दाखवायला एकही कागद नाही.

"तिथे मी मिस्टरांची बायको आहे," त्या म्हणाल्या. "इथे कोण म्हणून येऊ? सांग ना. तू पत्रकं लिहितेस, एक ओळ लिहून दे."

मला आली नाही. त्यांनी समोरच्या शाळेकडे पाहिलं आणि रिक्षा करून शनिवार पेठेत सासरी गेल्या. त्या अजून तिकडेच आहेत. पत्रं येतात, नकाशे येत नाहीत.

मला लोक खडूस म्हणतात. खुशाल म्हणा. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरची ऋजुता नवऱ्याबरोबर पेढे घेऊन आली. ती दातांची डॉक्टर आहे, कर्वे रस्त्याला स्वतःचा दवाखाना आहे. नवऱ्याची जर्मनीला बदली झाली. मी पेढा हातात घेतला आणि विचारलं, दवाखान्याचं काय करणार? उत्तर नवऱ्याने दिलं. "बंद करतोय. तिला आता आरामच आराम."

मी ऋजुताकडे पाहिलं. ती डब्याकडे बघत होती. मी पेढा परत डब्यात ठेवला आणि म्हणाले, "अभिनंदन नंतर करते. आधी ती काय म्हणते ते ऐकू दे."

नवऱ्याचं तोंड उतरलं. दोघं निघून गेले. आता सोसायटीत आपलं नाव निघणार, हे गृहीत धरून मी कणीक मळायला घेतली. दहा मिनिटांनी बेल वाजली. ऋजुता एकटीच होती, हातात डबा नव्हता.

"आत येऊ?" ती म्हणाली. "मला अजून कुणी विचारलंच नव्हतं."