टेबलापासून दारापर्यंत
दुपारचं जेवण अंगावर आलंय. काजू कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत मी जरा लवंडते, आणि सकाळचं सगळं घशाशी येतं. ‘मुक्त संवाद दिना’चा फलक, समोशांच्या बशा, काजू सोलणाऱ्या बायकांकडून कागदावर रंगवून घेतलेली हसरी तोंडं. मॅनेजर रेडकर “बोला, अगदी मोकळं बोला” म्हणत स्वतःच तासभर बोलले. मग मी विचारलं, काही अडचण? “काय एक त्रास नाय,” सगळ्या एका सुरात. असल्या सुराची मला शिसारी येते. आता चारला समारोप. तपासनीस म्हणून मी ‘संवाद उत्तम’ म्हटलं की वर्षभर या बायकांना विचारायला कोणी फिरकणार नाही.

डोळे मिटतात. खाटेच्या पायथ्याशी हेमलताताई बसल्यात. लोकांना बोलतं कसं करायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. त्याआधी त्या काजू सोलायच्या. मूत्रपिंडं निकामी होऊन गेल्या वर्षी वारल्या. मला ते आठवतं, तरी नवल वाटत नाही.

“काय इचारलंस गो?”

“अडचण आहे का, असं.”

“मालक म्होरं उभो. कोण बोलतला? दिसभर पाय खंय खंय जातत, तां कागदार काडूक सांग.”

आम्ही सोलणीच्या टेबलाशी आहोत. बायकांचे ओठ हलतात, आवाज मात्र रेडकरांचाच येतो, भिंतीतून पाझरल्यासारखा. समोशांना मुताचा वास आहे. ताई माझा हात ओढून तळव्यावर कोळशाने काढतात: दार, टेबल, परत दार, बाईच्या दिवसभराची वाट.

“ह्यात काय नाय तां सांग.”

मी बघत राहते. “संडास.”

टेबलामागे तो उघडाच आहे. कडी नाही, पाणी नाही, तुंबलेल्या घाणीवर माश्या.

“हेच्यापायी पाणी पियत नाय,” ताई म्हणतात. “मीय पियलंय नाय. मुतताना आग होय, पण लाजान गप. कशाक पियत नाय, तां कोणी इचारूकच नाय.”

दार वाजतं. मी जागी होते. तळहातावर कोळशाची रेघ आहे. चोळली तरी जात नाही.

बाहेर रेडकर हसत उभे. “चला मॅडम, समारोप. छान झालं ना सगळं?”

“आधी संडासला जायचंय. बायकांच्या.”

“अहो, खोलीत आहे की! एकदम स्वच्छ.”

“तो नको. त्यांचा.”

त्यांचं हसू ढिलं पडतं. “तिथे... तुम्हाला नाही जमणार, मॅडम.”

“मग त्यांना कसं जमतं?”

मी समारोपाकडे न वळता सोलणीच्या टेबलांकडे चालू लागते, बायकांनाच वाट विचारायला.