प्रयोगशाळेतला नृसिंह

आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर दर शनिवारी उपास धरून पोखर्णीच्या नृसिंहाला जात आणि सोमवारी वर्गात डार्विन शिकवत. वाक्य संपलं की बोटांवरचा खडू झटकायची त्यांना सवय होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत बंद पडलेलं कॉलेज उघडलं, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी सरांच्या प्रयोगशाळेत दशावताराचं चित्र लावलं. मासा, कासव, वराह, नृसिंह, मग माणूस. उत्क्रांती म्हणून हेच शिकवा, असा हुकूम झाला.

सरांनी चपला काढल्या, स्टुलावर चढून चित्र उतरवलं, त्याला हात जोडले आणि ते नेऊन अध्यक्षांच्या केबिनमध्ये लावलं.

"साहेब, कुठलीही गोष्ट खरी कशावरून, हे विचारायला मीच पोरांना शिकवायलोय. उद्या ते नृसिंहाबद्दल विचारतील. देवाला मी उलटतपासणीला उभं करणार न्हाई."

त्यांचे वर्ग काढून घेतले आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. त्या शनिवारी ते मला एस.टी.त भेटले, मांडीवर नारळ होता. वर्गाचं देवाच्या कानावर घालणार का, असं मी विचारलं.

खडू नसलेली बोटं झटकून ते म्हणाले, "न्हाई. प्राणिशास्त्र हा देवाचा विषय न्हाई."